फिनाइलची बाटली कोण आणते?

प्रिय मुली,

सांगलीच्या विश्रामबागेतून आलेले तुझे पत्र मी सावकाश वाचले. तू २३ वर्षांची आहेस. गेली तीन वर्षे घरातले सगळे झोपले की तू डबे रिकामे होईपर्यंत खातेस, मग बाथरूममध्ये जाऊन उलटी काढतेस, आणि गुरुवारी व संकष्टीला कडक उपवास धरतेस, ज्याचे घरात कौतुक होते. दिवाळीनंतर मुलगा पाहायला येणार आहे. त्याआधी हे सारे मनाचा निग्रह करून, आईला कळू न देता कसे थांबवावे, असे तू विचारले आहेस. कारण तिला रक्तदाबाचा त्रास आहे आणि ‘त्या बिचारीला यातले काहीच माहीत नाही’.

एक ओळ मात्र तू जाता जाता लिहून गेली आहेस. बाथरूम धुण्याचे, पूर्वी महिनाभर पुरणारे फिनाइल आता आठवड्यात संपते, तरी नवी बाटली फळीवर असतेच. किराण्याची यादी आई स्वतः करते आणि चहापूड दोन दिवस आधी संपली तरी चौकशी करते, हेही तुझ्याच पत्रात आहे. मग फिनाइलची चौकशी तिने एकदाही का केली नाही?

तुझ्या आईला कळले आहे. विचारण्याचे धाडस होत नाही, म्हणून ती मुकाट्याने बाटली आणून ठेवते. तिची भीती मला समजते, पण पोटची पोर डोळ्यांदेखत झिजत असताना गप्प राहणाऱ्या आईला बिचारी म्हणायला मी तयार नाही. आणि जे तिच्यापासून लपलेलेच नाही, ते लपवण्यात तू तुझी सगळी शक्ती घालवते आहेस.

पायात गोळे येतात, जिना चढताना छाती धडधडते, याचे खापर तू परीक्षेच्या ताणावर फोडले आहेस. वारंवार उलट्या झाल्या की रक्तातले पोटॅशियम कमी होते आणि ते फार उतरले तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. वजन चारचौघींसारखे असले तरीही. तू लिहिले आहेस ती सारी लक्षणे बुलिमिया या आजाराची आहेत. जेराल्ड रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९७९ साली त्याचे वर्णन केले आणि त्यावर उपचार आहेत: विशिष्ट पद्धतीची मानसोपचाराची सत्रे, जेवणाच्या वेळांची घडी आणि गरज पडल्यास औषध. त्याला काही महिने लागतात, मध्येच एखादी वाईट रात्रही येते, पण माणसे यातून पूर्ण बरी होतात. निग्रहाने हे थांबत नाही. दिवसभर उपाशी ठेवलेले शरीर रात्री हिशेब वसूल करते, म्हणून तुझे उपवास या आजाराला खतपाणी घालत आहेत. ते आजपासून सोड. दत्तमहाराजांसाठी औदुंबरला जरूर जा, पण जेवून जा.

आज रात्री जेवणानंतर आईसमोर बस आणि एवढेच सांग: ‘आई, फिनाइल माझ्यामुळे संपतं. मी खाल्लेलं उलटून टाकते. उद्या माझ्याबरोबर मिरजेला चल.’ शब्द फुटत नसतील तर आधी १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोल. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा विनामूल्य आणि रात्रंदिवस चालू असते. सकाळी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढा, डॉक्टरांपासून काही लपवू नकोस, आणि पोटॅशियमची तपासणी व ईसीजी त्याच दिवशी करून घे. रात्रीतच धडधड वाढली किंवा चक्कर आली तर सकाळची वाट न पाहता अपघात विभाग गाठा. पाहुण्यांच्या कानावर जाईल ही धास्ती बाळगू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

मुलगा पाहण्याचा कार्यक्रम तूर्त रद्द करायचा. मुलाकडच्यांना तसे कळवण्याचा फोन तू करू नकोस, तो आईने करावा.