पगाराची तारीख आणि प्रभूची आज्ञा

प्रश्न : मावशी, प्रभू येशूच्या नावात सलाम. लालबागला माझे पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे चारला उठते. दुपारी ऑफिसांचे डबे जातात, संध्याकाळी पुन्हा काउंटर. रात्री पवित्र शास्त्र उघडले की दुसऱ्या ओळीला डोळा लागतो. मोबाइलवर रोजच्या वचनाचे ॲप घेतले, तेही आठवडाभरच चालले. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, आमचे पाळकसाहेब म्हणाले, ख्रिस्ताला जीवनाच्या केंद्रस्थानी ठेवा, त्याच्या आज्ञेत राहा. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे, कारण माझ्या दिवसात मधोमध आहेत कणीक, गॅस आणि उधारी. एका ऑफिसचे बिल तर कायम रखडते. त्यामुळे हाताखालच्या दोघींचे पगारही कधी दहा तारखेला, कधी वीसला होतात. बिचाऱ्या काही बोलत नाहीत. या धावपळीत प्रभूसाठी वेळ कुठून काढू?
– एक भगिनी, लालबाग

उत्तर : ताई, सलाम. दिवसभर राबून रात्री शास्त्रावर पेंगणाऱ्या बाईला रागे भरणारा प्रभू मला शुभवर्तमानात कुठे भेटलेला नाही. भर वादळात नावेत उशी घेऊन झोपला होता तो तोच. दमणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक आहे. वचनाला आणि प्रार्थनेला वेळ हवाच, तो स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात जात असे. पण तुम्ही रात्रीचा हट्ट सोडा. कणकेत हात घालण्याआधी स्तोत्रसंहितेतल्या चार ओळी मोठ्याने वाचा, आणि मळताना त्याच मनात घोळवा. वेळेबद्दल माझे एवढेच सांगणे आहे.

तुमच्या पत्रात मी थांबले ती वेगळ्याच ओळीपाशी. 'बिचाऱ्या काही बोलत नाहीत.'

मी नर्स म्हणून जिथे नोकरी केली, तिथे आयाबाया कंत्राटावर असत आणि कंत्राटदार त्यांचे पगार लांबवी. त्यातली एक दिवा स्टेशनहून यायची. लोकलचा पास संपला की नव्या पासाचे एकरकमी पैसे तिच्या हातात नसत, म्हणून ती जाता-येता तिकीट काढी. पगार होईपर्यंत पासापेक्षा जास्त पैसे तिकिटांतच जात. खोलीचा मालक भाड्यासाठी दारात, वाण्याची वही भरलेली. ती दुपारी डबा उघडायची तेव्हा त्यात पोळी असे, सोबत मिरचीचा ठेचा. भाजी महिन्याच्या कुठल्या आठवड्यात दिसेनाशी होते, हे आम्हा सगळ्याजणींना पाठ झाले होते. तीही काही बोलत नसे. बोलली तर 'उद्यापासून येऊ नको' हे ऐकावे लागेल, हे ती जाणून होती.

शास्त्र याविषयी आडपडदा ठेवत नाही. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको, असे लेवीय १९:१३ सांगते. अनुवाद नावाच्या पुस्तकात (२४:१५) कारणही दिले आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत गुंतलेला असतो. याकोब ५:४ मध्ये तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) आपण नेहमी शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांबद्दल बोलतो. पण त्याआधीची ओळ पाहा. संध्याकाळ होताच मळ्याचा धनी कारभाऱ्याला सांगतो, कामकऱ्यांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. लेवीय आणि अनुवादातली ती मोशेची आज्ञा तिथे मुकाट्याने पाळली गेली आहे. देवाच्या राज्याचे चित्र काढताना प्रभूने निवडलेला धनी असा आहे.

तुमचे पाळकसाहेब बरोबर बोलले. फक्त 'केंद्रस्थानी' म्हटले की आपण लगेच घड्याळाकडे पाहतो आणि सकाळचा अर्धा तास शोधू लागतो. प्रभूने मात्र शेवटच्या रात्री, शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर, सांगितले की माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल (योहान १४:१५). आणि त्याआधी एकदा विचारले होते, मला प्रभू, प्रभू म्हणता, मग मी सांगतो ते करत का नाही (लूक ६:४६)? तुमच्या बाबतीत त्या आज्ञेला एक तारीखही आहे, ताई. महिन्याची एक तारीख.

तुम्ही म्हणाल, वेळेवर पगार तर कुणीही चांगला माणूस देतो, त्यात ख्रिस्ती काय? देतात, आणि आपल्यातल्या कित्येकांपेक्षा चोख देतात, त्याबद्दल देवाची स्तुती असो. पण तुम्ही एक तारखेला दोघींचे पैसे मोजून दिलेत आणि ऑफिसचे बिल आले नाही, तर चार तारखेला तुमच्याकडे तेलाच्या डब्यापुरतेही पैसे उरणार नाहीत. त्या दिवशी तुम्ही प्रार्थना कराल, आणि तेव्हा पेंग येणार नाही. येशूचा शिष्य पेत्र कोळी होता; तो रात्रभर राबून रिकाम्या हाताने परतला होता, तुमच्यासारखाच थकलेला. तरी 'तुझ्या सांगण्यावरून' म्हणून त्याने जाळी पुन्हा पाण्यात सोडली, ती माशांनी भरली, आणि येशूच्या पाया पडला तो त्यानंतर (लूक ५). आज्ञा आपल्याला अशा जागी नेऊन उभी करते, जिथे तो नसेल तर आपले काही चालत नाही.

एक धोका मात्र सांगून ठेवते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी आपल्या मुंबईत, चौपाटीजवळ, शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा उघडली. आणि तरीही पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विधवांसाठी आयुष्य वाहणाऱ्या बाईने हे लिहावे, याने मी अजूनही हलून जाते. तो सापडल्यावर त्यांचे काम वाढलेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना सोबत घेऊन आल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनचे काम त्यातून वाढले. म्हणून पगार वेळेवर देऊन तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळवायचे आहे, असे क्षणभरही मनात आणू नका. ते कृपेने, फुकट मिळालेले आहे. इफिसकरांस पत्र २:८-१० तिन्ही वचने एका दमात वाचा, नववे वाचून थांबू नका; सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवले आहे, हे दहाव्यात आहे.

आता करायचे काय? काउंटरवर रोज रोख येते, त्यातून दोघींचा त्या दिवसाचा पगार रात्रीच बाजूला काढा, वेगळ्या डब्यात, आणि तेल संपले तरी त्या डब्याला हात लावू नका. जे थकले आहे ते या आठवड्यात द्या. स्वतःच्या भिशीचे पैसे लागले तरी चालतील. देताना उपदेश नको, पाकिटात वचनाचे कार्डही नको. 'उशीर झाला, चुकलेच माझे' एवढे म्हणा. आणि त्या ऑफिसला सांगा, दर पंधरा दिवसांनी बिल चुकते केले तरच डबे येतील. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. ती मात्र तुम्ही प्रभूसमोर मांडायची, त्या दोघींच्या अंगावर टाकायची नाही.

प्रश्न : गुडघ्यांमुळे जिने उतरवत नाहीत, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. रविवारची उपासना चुकते. हा आज्ञाभंग होतो का?
– एक आजोबा, मुलुंड

उत्तर : नाही, आजोबा. एकत्र मिळणे सोडू नका, असे इब्री १०:२५ सांगते ते ज्यांना येता येते त्यांना. मंडळीने तुमच्याकडे यायचे आहे. पाळकांना आजच फोन करून घरी प्रभुभोजन द्यायला बोलवा, संकोच करू नका. आणि त्याच वचनात पुढे एकमेकांना बोध करा असेही आहे, ते फोनवरून होते. आपल्यासारखे घरात अडकलेले मंडळीत आणखी कोण आहेत, त्यांची नावे पाळकांकडून मागून घ्या आणि रविवारी सकाळी एकेकाला फोन लावा.