सरासरी बघून गार्ड निवडू नका

एप्रिल संपत आला की एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत माझ्याकडे येतो: अमेरिकी कॉलेजांत बास्केटबॉल खेळणाऱ्या या दोन गार्डपैकी (गार्ड म्हणजे चेंडू हाताळणारे, बाहेरून खेळणारे खेळाडू) एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, वरचा कोण? यंदा आलेल्यांपैकी काहींची उत्तरं एकत्र देतो.

एक गार्ड सामन्याला 24 गुण करतो, दुसरा 15. आमच्या ग्रुपवर सगळे पहिल्याच्या बाजूने आहेत. तुमचं मत?

ग्रुपवर ठरलंच असेल तर मला कशाला विचारता? असो. 2011चा ड्राफ्ट काढून बघा. नववा, दहावा, अकरावा असे लागोपाठ तीन गार्ड गेले: कनेक्टिकटचा केम्बा वॉकर, ब्रिगहॅम यंगचा जिमर फ्रेडेट आणि वॉशिंग्टन स्टेटचा क्ले थॉम्पसन. त्या हंगामात कॉलेजांत सर्वाधिक सरासरी फ्रेडेटची होती, 28.9. वॉकर तर कॉलेजला विजेतेपद मिळवून देऊन आलेला. पुढे काय झालं? अकराव्या थॉम्पसनने गोल्डन स्टेटकडून चार विजेतेपदं घेतली, वॉकर चार वेळा ऑल-स्टार झाला (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला) आणि फ्रेडेट काही वर्षांत शांघायला खेळत होता.

कॉलेजात चेंडू फ्रेडेटच्या हातात असायचा आणि बाकीचे चौघे त्याच्या सोयीने धावायचे. एनबीएत ती जागा आधीच कुणीतरी अडवलेली असते. शिवाय बचावात पाय कमी पडले की समोरचा संघ प्रत्येक चढाईत तुमच्याच अंगावर येतो. थॉम्पसनला चेंडू हातात ठेवायची गरजच नव्हती. डिसेंबर 2016मध्ये इंडियानाविरुद्ध त्याने 29 मिनिटांत 60 गुण केले, आणि तेवढ्यात चेंडूचे टप्पे दिले अवघे 11!

म्हणून मी पहिल्यांदा बघतो ते चेंडू हातात नसताना पोरगा काय करतो. मग वय. 23 वर्षांच्याने केलेले 24 आणि 19 वर्षांच्याने केलेले 15 एका तराजूत घालू नका. मग असिस्टच्या (सहकाऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासच्या) मानाने टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावणं, किती. गुण सगळ्यात शेवटी. तरीही फसायला होतंच. त्याच ड्राफ्टमधला शेवटचा, 60वा खेळाडू म्हणजे पाच फूट नऊ इंचांचा आयझाया थॉमस. 2016-17मध्ये बोस्टनकडून त्याची सरासरी किती? 28.9. मीही त्याला सोडून दिला असता. तेव्हा दोघांचे निदान दहा-दहा सामने पूर्ण बघा, तेही एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाला शेजारी बसवून. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये कुणाचाच नेम चुकत नाही.

उंची बूट घालून धरायची की काढून?

काढून. आणि गार्डच्या बाबतीत उंचीइतकीच त्याची वाव, म्हणजे पसरलेल्या हातांची लांबी, बघा.

कॉलेजात तीन गुणांचे 40 टक्के फेक पाडणारा एनबीएत तसाच पाडेल का?

कॉलेजची रेषा 6.75 मीटरवर, एनबीएची समोरून 7.24 मीटरवर. शे-सव्वाशे फेकींच्या टक्केवारीवर मी चहाचीही पैज लावणार नाही. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक, बघा. तिथे अंगावर कुणी येत नाही, त्यामुळे हात खरा कसा आहे ते कळतं. तीन गुणांचे 40 टक्के आणि फ्री थ्रोचे 62 टक्के असा गार्ड दिसला, तर आधी एखाद्या शूटिंग प्रशिक्षकाला त्याचा फेक दाखवा.

लहान कॉलेजातला गार्ड मागे पडतो का?

डेव्हिडसनचा स्टीफन करी सातवा गेला, वेबर स्टेटचा डेमियन लिलार्ड सहावा, मरे स्टेटचा जा मोरांट दुसरा.

मुलगा न्यू जर्सीत अकरावीत आहे. एक खासगी प्रशिक्षक पॅकेज घ्या म्हणतो, ‘स्काउटच्या (संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांच्या) नजरेत आणून देतो’.

देऊ नका पैसे. ड्राफ्टआधीचं शिकागोचं चाचणी शिबिर निमंत्रितांसाठी असतं, तिथली जागा विकत मिळत नाही. तुमच्या मुलाचं तर अजून कॉलेजही ठरलेलं नाही. ‘दोनच जागा उरल्यात, आजच भरा’ ही फ्लॅट विकणाऱ्यांची भाषा झाली. शाळेच्या प्रशिक्षकाशी बोला, आणि सही करायचीच असेल तर कागद आधी वकिलाला दाखवा.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, विद्यार्थी व्हिसावर. रूममेट म्हणतो ड्राफ्टला नाव देऊन ठेव, जूनमध्ये काढून घेता येतं.

रूममेटला गप्प बसवा. माघारीच्या तारखा दोन असतात. एनबीएची नंतरची, पण कॉलेजात परत खेळायचं तर एनसीएएची, म्हणजे कॉलेजांच्या क्रीडा संघटनेची, तारीख पाळावी लागते आणि ती आधी येते. दरवर्षी कुणी ना कुणी ती उलटून गेल्यावर मला लिहितो, तेव्हा माझ्या हातात काही नसतं. पहिल्या फेरीत निवड झाली तर पगाराची पहिल्या दोन वर्षांची हमी असते, दुसऱ्या फेरीत नियमाने तशी हमी नाही. तुमची जागा कुठे पडते, याचा अंदाज एनबीएच्या सल्लागार समितीकडून मागवा. एनसीएए-प्रमाणित नसलेल्या एजंटच्या कागदावर सही करू नका. जाहिरातीचा एक डॉलरही घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. आणि कॉलेजच्या नियमपालन कार्यालयात आज जा, सोमवारी नको.

पुतण्या नागपाड्यात गार्ड म्हणून खेळतो. बारावीनंतर थेट ड्राफ्टला नाव देता येईल का?

ड्राफ्टच्या वर्षात वयाची 19 पूर्ण होत असतील तर नाव देता येतं. निवडले जातात फार तर 60. भारतात जन्मलेला पहिला निवडला गेला तो सतनाम सिंग, 2015 साली, 52वा. तो सात फुटांहून उंच होता आणि गार्ड नव्हता. पुतण्याची उंची तुम्ही कळवलेली नाही.