टार्नेटमध्ये नवीन घराच्या मागे वॉटल (बाभळीच्या कुळातलं ऑस्ट्रेलियन झाड) लावावं का? कुंपणालगत चालेल का? लवकर मरतं म्हणतात.

लावा. 'लवकर मरतं' म्हणणारे आमच्या घरातही आहेत, म्हणूनच लिहायला बसलो.

२०११ साली आम्ही तुमच्याच बाजूला, पश्चिम मेलबर्नात घर घेतलं. जमीन बेसॉल्टची, आपल्या देशावरच्या काळ्या मातीसारखी: उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. वर माळरानाचा वारा. लावलेलं रोप टिकेचना. मग गोल्डन वॉटलचं बी आणलं, त्यावर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवलं आणि फुगलेलं तेवढंच पेरलं. पहिली पानं अगदी बाभळीसारखी. आई स्काइपवर म्हणाली, "अरे, दारात बाभूळ कसली लावतोस?" पुढे ती पानं गेली आणि लांबट, जाडसर आली. ते खरं तर चपटे झालेले देठ. काटा एकही नाही.

मोठ्या साडूंचं म्हणणं, "दहा-पंधरा वर्षांचं झाड कशाला? ऑलिव्ह लाव, नातवंडं खातील." दर दिवाळीला हेच. २०१४ च्या ऑगस्टमध्ये झाड पिवळंधमक झालं, गणपतीला तीच फुलं वाहिली. तरी साडूंचं तेच.

त्याच्या आडोशाला मी शीओक, म्हणजे आपल्या सुरूसारखं इथलं झाड, लावला होता. दहाव्या वर्षी वॉटलचं खोड किड्यांनी पोखरलं आणि एका वादळी रात्री ते पडलं. मला फार वाईट वाटलं. पण शीओक तोवर माझ्या दुप्पट उंच झाला होता, वाऱ्याला दाद देत नव्हता. वॉटलचं काम हेच असतं: भराभर वाढायचं, वारा अडवायचा, मुळांच्या गाठींत हवेतलं नत्र बांधायचं आणि मागच्याला जागा करून द्यायची. वयावरून त्याला नावं ठेवणाऱ्याला ते झाड कळलेलंच नाही.

कुंपणालगत नको, तीनेक मीटर सोडा. माती उंच करून लावा, पाणी साचलं तर मुळं कुजतात. सुपर फॉस्फेट अजिबात घालू नका. फुलं संपली की शेंडे छाटा. जुन्या लाकडापर्यंत कापलं तर बहुधा फुटत नाही. शिंकांचा दोष वॉटलला देतात, पण त्याचे पराग जड असतात, वाऱ्यावर फार लांब जात नाहीत. इथल्या वसंतातल्या शिंका मुख्यतः गवताच्या.

हो, एक राहिलं. नर्सरीत कूटामुंड्रा वॉटल दिसलं तर घेऊ नका. ते मूळचं न्यू साउथ वेल्सचं, व्हिक्टोरियात रानभर पसरतं.

साडू पुढच्या महिन्यात येतायत. त्यांची खुर्ची शीओकखालीच टाकणार आहे.