नागपुरात वकिली करतोय, आमदारकीकडे वळायचंय: सनद (वकिलीचा परवाना) सोडावी लागेल का? सभागृहात वकिलीचा उपयोग होतो का?

सनद सोडावी लागत नाही. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आमदार-खासदार हे कुणाचे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, त्यामुळे पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करायला मनाई करणारा बार कौन्सिलचा नियम त्यांना लागू होत नाही.

पण निव्वळ वकिलीच्या बळावर तिकीट मिळत नाही. देवेंद्र फडणवीसांचं उदाहरण घ्या. नागपूर विद्यापीठाची कायद्याची पदवी, पण 1992 मध्ये ते नगरसेवक झाले, 1997 मध्ये महापौर आणि 1999 मध्ये आमदार. विधानसभेत पोहोचण्याआधी सात वर्षं महापालिकेत गेली. माझं मत विचाराल तर तुम्हीही प्रभागातूनच सुरुवात करा.

वकिलीचा पहिला फायदा उमेदवारी अर्जात होतो. नमुना 26 च्या शपथपत्रात (मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांची माहिती देणाऱ्या) एकही रकाना कोरा ठेवू नका, सांगण्यासारखं काही नसेल तिथे 'निरंक' आणि लागू नसेल तिथे 'लागू नाही' लिहा. अपक्षाला त्याच मतदारसंघातले 10 सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) लागतात. एक जरी बाहेरचा निघाला तरी छाननीत अर्ज उडतो. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडा.

खरा कस लागतो तो सभागृहात. कोर्टातला युक्तिवाद तिथे चालत नाही. 'नाग नदीकडे सरकार डोळेझाक का करतंय?' असा प्रश्न दिला तर तो स्वीकारला जाणार नाही, कारण त्यात आरोप आहे, माहितीची मागणी नाही. प्रश्नाची घडण अशी असते: नदीत सांडपाणी सोडले जाते हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? साक्षीदाराची उलटतपासणी ज्याने नीट केली आहे, त्याला ही साखळी लगेच जमते, कारण एकेक होकार पुढच्या प्रश्नाची वाट मोकळी करतो. न्यायप्रविष्ट (कोर्टात चालू असलेले) विषय मात्र टाळा, त्यातही स्वतःच्या अशिलाचा तर हमखास.

पुढे विरोधी पक्षनेता किंवा अध्यक्ष व्हायचं असेल तर विधानसभेचे नियम आणि राज्यघटनेतली दहावी अनुसूची (पक्षांतरबंदीच्या तरतुदी) तोंडपाठ हवी. 1992 च्या किहोतो होलोहन निकालानुसार अपात्रतेच्या प्रकरणात अध्यक्ष न्यायाधिकरणाच्या भूमिकेत असतो आणि त्याचा निर्णय न्यायालयात तपासला जातो. म्हणून प्रत्येक निष्कर्षाला कारण आणि पुरावा लिहावाच लागतो. ही सवय वकिलाला आधीपासून असते.

हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात एखाद्या आमदाराच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो का ते बघा. प्रश्नोत्तराचा तास आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी) बघा. छापील प्रश्नांची यादी सोबत ठेवा, म्हणजे मंत्र्याने उत्तरात काय गाळलं ते तिथल्या तिथे कळेल.