प्रश्न वाचकांचे : दुखण्यातली सुई, पेटी आणि रंग

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. माझ्या सासूबाईंचे वय ५८ आहे. त्यांच्या उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, काखेतील गाठीही काढल्या आणि आता दर तीन आठवड्यांनी केमोसाठी त्यांना नागपूरला न्यावे लागते. आजारापूर्वी त्या इतकी देखणी वाकळ शिवत की लेकीचे बाळंतपण आले की गावातल्या बाया जुनी लुगडी त्यांच्याकडे आणून टाकत. आता त्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी सुई-दोरा पुढे ठेवला तर म्हणाल्या, "आता कोनासाठी शिवू, माय?" नणंदांचे म्हणणे असे की दुखणेकऱ्याला काम लावू नये. मी चुकते आहे का?
— एक सून, दारव्हा तालुका

उत्तर : आपण चुकत नाही, मात्र नणंदांच्या बोलण्यातही तथ्य आहे, कारण सासूबाईंच्या आयुष्यात सुई बहुधा कोणाच्या तरी गरजेसाठीच हातात आली असणार. नातवासाठी, बाळंतिणीसाठी, लग्नाच्या अंथरुणा-पांघरुणासाठी. त्यामुळे त्यांचा प्रश्न निराशेचा असला तरी अगदी सरळही आहे. त्याला "आमच्यासाठी शिवा" असे उत्तर दिले तर ते पुन्हा कामच ठरते, आणि "तुमची आठवण म्हणून शिवा" असे म्हटले तर त्यांना त्यात निरोपाची भाषा ऐकू येईल. काही रुग्णांना अशी वस्तू मागे ठेवाविशी वाटते हे खरे, पण तो विषय त्यांनी स्वतः काढला तरच पुढे न्यावा.

सुई तूर्त बाजूला ठेवावी. जुन्या लुगड्यांचे गाठोडे खाटेवर सोडावे आणि यातले कोणते कापड अजून टाका धरील, कोणते सुईसरशी विरेल, एवढेच त्यांना विचारावे. कसलेली बाई याचे उत्तर तोंडाने देण्याआधी हाताने देते : कापड दोन अंगठ्यांमध्ये ताणून पाहते, उजेडाकडे धरते, पदराचा भाग वेगळा काढते. आठवडाभर एवढेच झाले तरी पुष्कळ झाले. गंभीर आजारात केमोची तारीख, जेवणातले पथ्य, सोबत कोण जाणार, गाडी किती वाजता निघणार हे सगळे दुसरेच ठरवतात आणि रुग्णाला मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही. हिरव्या तुकड्याशेजारी जांभळा लावायचा की पिवळा, हे मात्र डॉक्टर ठरवत नाहीत आणि सूनही ठरवत नाही. माझ्या मते कलेचा दिलासा मुख्यतः इथे आहे; "मन रमते" हे त्यामागून येते.

आता काळजीचे. काखेतील गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा आणि लहानशा जखमेतूनही जंतुसंसर्ग होण्याचा धोका पुढे बराच काळ राहतो, म्हणून त्या हाताला सुई टोचू देऊ नये आणि अंगुस्तानाशिवाय शिवू देऊ नये. वाकळीचे थर जाड असतात. खालून धरलेल्या हाताच्या बोटांनाही टोचते, तेव्हा ती बोटेही जपावीत. केमोची मात्रा घेतल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, त्या दिवसांत सुई आणि कात्री दोन्ही बाजूला ठेवून नुसती जुळवाजुळव करावी. काही औषधांनी बोटांची टोके बधिर होतात, मुंग्या येतात आणि सुई बोटातून निसटते. असे होत असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण औषधाची मात्रा ठरवताना त्यांना ते कळणे आवश्यक असते. कापड आधी धुऊन उन्हात वाळवावे. वेदनेची गोळी चालू असेल तर ती घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बसवावे, उठवायचे मात्र त्यांच्या कलाने. अंगणात सारवून चौक काढण्याची त्यांना हौस असेल तर शेणात हात घालणे तूर्त टाळावे आणि रांगोळीची भुकटीही श्वासात जाऊ देऊ नये. ठिपक्यांची वही आणि रंगीत पेन यांवर ती हौस बरीच भागते.

हाताने टाका घालणे अजिबात जमले नाही तरी वाकळ त्यांचीच राहू शकते. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्या पोटाची कर्करोगासाठी १९४१ साली मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांचा बहुतेक काळ अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत गेला. चित्रफळ्यापुढे उभे राहणे अवघड झाले तेव्हा त्यांनी कात्री हाती घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, मातीस त्यांतून आकार कापत आणि कोणता आकार भिंतीवर कुठे टाचायचा ते बसल्या जागेवरून सांगत. १९५४ साली निधन होईपर्यंत त्यांनी अशी प्रचंड चित्रे केली आणि ती मातीस यांचीच मानली जातात. आपल्या घरी टाके आपण घालावेत आणि जुळणी सासूबाईंनी सांगावी. त्यांनी सांगितलेली जुळणी आपल्याला पसंत पडली नाही तरी बदलू नये.

याने आजार हटतो का, असेही कोणीतरी घरात विचारीलच. हटत नाही, आणि तसे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती, कागद यांपैकी हवे ते घेऊन काहीही करू दिले, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक कमी झालेले आढळले. पूर्वी कला शिकलेल्यांना आणि न शिकलेल्यांना लाभ सारखाच झाला. ती माणसे निरोगी होती, म्हणून कर्करोगाबाबत त्यावरून फार मोठा दावा करता येत नाही, पण "मला काय येते?" म्हणणाऱ्या रुग्णापुढे कागद ठेवायला तेवढा आधार पुरेसा आहे.

एक विनंती मात्र आग्रहाने करतो. अर्धवट वाकळीचा फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. कौतुकाचे चाळीस अंगठे आले की दुसऱ्या दिवशी ती वाकळ पुरी करण्याचे ओझे होते. तोच नियम भजनाला. संध्याकाळी गावातले मंडळ प्रेमाने खंजिरी घेऊन खाटेजवळ बसते; ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यासाठी ते कधी सुख असते, कधी छळ. संगीताने कर्करोगाच्या रुग्णांची चिंता कमी होऊ शकते असे बरेच अभ्यास सांगतात, पण कोणते भजन, किती वेळ आणि आज नको, हे सांगण्याची मुभा त्यांच्याकडे हवी. भुलाबाईची गाणी त्यांना येत असतील तर त्या दिवसांत मुलींना अंगणात खेळू द्यावे आणि दार उघडे ठेवावे. आत बोलावून खाटेभोवती बसवण्याची गरज नाही.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत वीस-बावीस वर्षे पेटी वाजवली. मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते आणि डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) केला आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की गावोगावी नाटके लागतात, मी मात्र घरी. पेटीकडे पाहवत नाही म्हणून ती माळ्यावर टाकली. वाजवली तर हाताला अपाय होईल का?
— एक वाचक, देसाईगंज परिसर

उत्तर : फिस्टुलाची जखम पूर्ण भरली असेल तर त्या हाताच्या बोटांची हालचाल सहसा वर्ज्य नसते, उलट फिस्टुला तयार होताना रबरी चेंडू दाबायला सांगतात, हे आपल्याला आठवत असेल. आपला डावा हात भात्यावर असणार. भाता हलका असेल तर चालावे, तरी डायलिसिस केंद्रातील तंत्रज्ञांना तसे हात हलवून दाखवून विचारून घ्यावे. पेटी उचलणे, त्या हातावर टेकून बसणे आणि घट्ट पट्टा किंवा कडे घालणे टाळावे. डायलिसिसच्या दिवशी सुईची जागा ताजी असते, त्या दिवशी वाजवू नये. हाताला हात लावल्यावर जाणवणारी थरथर कमी झाली किंवा हात सुजला, तर वाट न पाहता केंद्रात जावे.

खरे दुखणे हंगामाचे आहे असे आपल्या पत्रावरून दिसते. रात्री दहाला पडदा उघडून पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाची साथ आता झेपणार नाही, आणि तिची भरपाई घरी एकट्याने वाजवून होईल असे मी म्हणणार नाही. तरीही झाडीपट्टीत नवी मुले गाण्याला उभी राहतात, त्यांना सूर धरून देणारा माणूस तालमीला लागतोच, आणि तालीम दुपारीही होऊ शकते. एखाद्या मंडळाला तासाभरासाठी घरी बोलावून पाहावे. पेटी माळ्यावरून दुसऱ्या कोणाकडून काढून घ्यावी. आणि नाटकाला जावेसे वाटले नाही तर जाऊ नये; आपल्याच जागेवर दुसऱ्याला बसलेले पाहणे सोपे नसते.

प्रश्न : माझ्या वर्गात सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचा) एक चौदा वर्षांचा मुलगा आहे. दुखणे उठले की आठ-आठ दिवस तो शाळेत येत नाही. मी त्याला रंगपेटी दिली, पण तो सगळे काळ्या रंगातच काढतो. हे नैराश्याचे लक्षण समजावे का?
— एक शिक्षिका, गडचिरोली जिल्हा

उत्तर : नुसत्या रंगावरून नाही. 'आर्ट थेरपी' हे नाव १९४२ साली रूढ करणारे ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल स्वतः क्षयरोगी म्हणून आरोग्यधामात राहिलेले होते. त्यांच्यापासून पुढे वाढलेल्या या शाखेतले जाणकारही एका रंगावरून निदान करीत नाहीत. काळा खडू ठळक उमटतो, एवढेही कारण असू शकते. चित्रावर बोट ठेवून "इथे काय चालले आहे?" असे विचारावे आणि तो बोलला नाही तर सोडून द्यावे. तान्ह्या पोळ्याच्या सुमारास त्याला मातीचे बैल करावेसे वाटले तर माती कोमट पाण्यात मळून द्यावी, कारण थंडीने सिकलसेलच्या वेदना उठू शकतात; शेजारी प्यायच्या पाण्याची बाटलीही ठेवावी.

लक्ष ठेवायचे ते इतर गोष्टींवर : मित्रांशी बोलणे तोडणे, दुखत नसतानाही न खाणे, झोप उडणे, "मी नसलो तर बरे" असे काही बोलणे. शेवटची गोष्ट एकदा जरी ऐकू आली तरी त्याच दिवशी पालकांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. शिक्षकांनाही तिथे सल्ला मागता येतो.