शाळा, ऑफिस, भाजी मिळून रोज 18 किलोमीटर. इलेक्ट्रिक कार्गो सायकल झेपेल का?

झेपेल, पण कंपनीच्या रेंजच्या (एका चार्जमध्ये किती जाईल त्या) आकड्यावर जाऊ नका. बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. 48 व्होल्ट, 13 अँपिअर-तास म्हणजे 624 वॉट-तास. मागे मूल आणि पिशव्या धरून सपाट रस्त्यावर किलोमीटरला 12-15 वॉट-तास जातात. बॅटरी रोज तळाला न्यायची नाही, म्हणून 500च धरा: 33 ते 41 किलोमीटर. चढ असतील तर आणखी कमी.

चढावरच खरी परीक्षा. चाकातच बसवलेली हब मोटर कमी वेगात, ओझ्यासकट रेटत राहिली की तापते. पेडलजवळच्या मिड-ड्राइव्ह मोटरला सायकलचे गिअर वापरता येतात, त्यामुळे पुण्यात बावधन-सूससारख्या चढाच्या भागात राहत असाल तर तीच घ्या. चेन मात्र लवकर झिजते, आणि थांबण्याआधी गिअर हलका करायचा, नाहीतर सिग्नलला हलताना कडकड ऐकू येईल.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच हवेत. स्टँड दोन पायांचा. एका पायाच्या स्टँडवर मूल बसवताना सायकल कलंडते. नव्या सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक सैल पडतात, 200 किलोमीटरनंतर ताणून घ्या. इथे कंजुषी केलीत तर स्पोक तुटायला लागतात, तेही बहुतेकदा चेनच्या बाजूचे, जिथे बदलायला चाक काढून गिअरची चक्रंही उतरवावी लागतात.

पावसाळ्यात प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. चार्जिंगचा सॉकेट कोरडा करूनच प्लग लावा.

मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स-नोंदणी लागत नाही. वेगाचं लॉक काढलंत की ही सूट गेली.