तुमचे प्रश्न: पाच-पाच वर्षं वर्कहाऊसमधे काढलेली माणसं

मागच्या अंकात १९७२ च्या दुष्काळात लोकांनी सरकारी कामावर फोडलेल्या खडीवर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ होती की इंग्लंडातसुद्धा राणी व्हिक्टोरियाच्या काळात गरिबाला पोटासाठी खडी फोडायला लावायचे, त्या जागेला वर्कहाऊस म्हणत. त्या एका ओळीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली काही घेतलीत.

प्रश्न : माझी लहान बहीण इंग्लंडात नर्स आहे. तिच्या वॉर्डात नव्वदीची एक आजी आहे, तिला तपासणीसाठी आवारातल्या जुन्या दगडी बिल्डिंगीत न्यायचं होतं तर ती रडायली, म्हणायली तिथं नको, तिथं गेलेलं माणूस परत येत नाही. नंतर कुणीतरी सांगितलं की ती बिल्डिंग पूर्वी वर्कहाऊस होती. बहिणीनं मला विचारलं, मला काय माहीत? तुम्हीच सांगा. (एक वाचक, परभणी)

दादा, तुमच्या बहिणीला आधी हे सांगा की त्या आजीचं काही चुकत नाहीये. तिकडची कितीतरी सरकारी हॉस्पिटलं जुन्या वर्कहाऊसच्या आजारी वॉर्डातच सुरू झालीत, १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा आली तेव्हा इमारती त्याच राहिल्या फक्त पाटी बदलली, आणि ज्यांच्या आईबापांनी ती जागा पाहिली होती त्यांच्या मनातून पाटी बदलल्यानं भीती कशी जाणार.

आता मूळ गोष्ट. १८३४ ला तिथं गरिबांसाठी नवा कायदा झाला. त्याआधी गावातल्या गरिबाला घरबसल्या थोडेफार पैसे, भाकरी मिळायची. नव्या कायद्यानं ठरवलं की धडधाकट माणसाला मदत पाहिजे तर त्यानं वर्कहाऊसमधे येऊन राहावं, आणि आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही वाईट असलं पाहिजे, म्हणजे आळशी माणूस येणारच नाही. हे कुणाच्या बेपर्वाईनं झालेलं नव्हतं बरं का, हे तत्त्वच होतं, लिहून ठेवलेलं. आसपासची गावं एकत्र करून त्यांचा एक गट करायचे, गटाचं एक वर्कहाऊस, आणि वर निवडून दिलेलं गार्डियन म्हणजे कारभार बघणाऱ्या लोकांचं मंडळ. असे सहाशेच्या आसपास गट होते.

दारात गेलं की अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, आंघोळ घालायचे, वर्कहाऊसचे कपडे द्यायचे आणि मग वाटणी करायचे. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं, पोरं तिसरीकडं, म्हातारे वेगळे. नवराबायको एकाच भिंतीच्या दोन बाजूला. सकाळी ७ ते १२ काम, दुपारी १ ते ६ काम, रात्री ८ ला झोप, सगळं घंटेवर. कामं म्हणजे खडी फोडणं, धुणं, आणि जहाजावरची डांबर लागलेली जुनी जाड चऱ्हाटं नखानं उकलून त्याचा काथ्या काढणं, तो काथ्या परत जहाजाच्या फटीत भरायला वापरायचे. ज्यानं कुणी ओला सोल म्हणजे जाड दोर हातानं उकललाय त्याला कळेल की बोटांचं काय होत असेल.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पुढचं. १८६१ ला पार्लमेंटसाठी एक यादी छापली गेली, सलग पाच वर्षांहून जास्त काळ वर्कहाऊसमधे असलेल्या मोठ्या माणसांची, नावानिशी. किती वर्षं किती महिने राहिला आणि स्वतःचं पोट का भरू शकत नाही त्याचं कारण, एवढं प्रत्येकाच्या नावापुढं. इंग्लंड आणि वेल्स मिळून १४ हजारावर नावं निघाली, म्हणजे आतल्या मोठ्या माणसांतला साधारण दर पाचातला एक. आणि कारणांच्या रकान्यात काय, तर म्हातारपण, अपंगत्व, अंधत्व, फिट येणं, डोक्यानं कमी असणं. आळशीपणा म्हणून लिहिलेलं शोधायला गेलं तर फार थोडं. म्हणजे घर बांधलं आळशाला भिववायला आणि त्यात वर्षानुवर्षं राहिली कोण तर ज्यांना उठून जायला पायच नव्हते, किंवा बाहेर कुणी उरलंच नव्हतं ती माणसं, आणि तरी नियम सगळ्यांना तेच. मला ही यादी वाचताना प्रत्येक वेळी पोटात कालवतं कारण आपल्या प्रत्येक गावात असा एकेक माणूस असतो, देवळाच्या पारावर बसलेला, कुणी सकाळी चहा देतं कुणी रात्री भाकरी, तो गावाचाच असतो. तिथं त्याला उचलून एका खोलीत भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसवलं आणि वीस वर्षं तो तिथंच बसला.

प्रश्न : म्हणजे ही जेलच म्हणायची ना? बाहेर पडता येत होतं का? (लातूर)

जेल नव्हती. तीन तासांची नोटीस दिली की जाता यायचं, आपले कपडे परत मिळायचे. वर्कहाऊसच्या कपड्यात गेलात तर मात्र चोरीचा गुन्हा. आणि घरचा कर्ता निघाला तर सगळ्या कुटुंबाला निघावं लागायचं, पोरांना आत जेवायला ठेवून बापानं काम शोधायला जायचं असं चालत नव्हतं. दार उघडं होतं हो, पण सत्तरीची एकटी बाई त्या दारातून जाणार कुठं?

चार्ली चॅप्लिन आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. १८९६ ला तो सात वर्षांचा असताना आई आणि मोठ्या भावासोबत लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाऊसमधे होता, नंतर पोरांना आईपासून तोडून हॅनवेलच्या शाळेत पाठवलं. तेव्हा त्या माऊलीनं काय केलं, रीतसर नोटीस दिली, पोरं ताब्यात घेतली, घर नव्हतंच, तिघं केनिंग्टन पार्कात गेली, थोरल्याजवळ थोडी चिल्लर होती तिच्या चेरी घेऊन खाल्ल्या, कागदाचा चेंडू करून खेळली आणि संध्याकाळी परत वर्कहाऊसच्या दारात. परत कपडे काढा, परत सगळं पहिल्यापासून. पोरांसोबतच्या एका दिवसासाठी. ज्या बायांनी ऊसतोडीला जाताना लेकरू आजीकडं ठेवलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्न : ७२ ला माझी आई पण खडीवर होती, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळात वाटायचे तो कोरडा खाऊ) खाऊन आम्ही जगलो. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? दोन्हीकडं सरकारनं गरिबाला दगडच फोडायला लावला. (केज, जि. बीड)

ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. माझी आजीसुद्धा खडीवर होती, तिच्या तळहाताचे घट्टे मी लहानपणी बोटानं दाबून बघायचे. खडीवर जे झालं ते चांगलं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. मजुरी कमी, हजेरीसाठी मुकादमाच्या हातापाया पडायचं, उन्हात पोटुशा बाया दगड फोडायच्या. पण आजी सांगायची की संध्याकाळी हातोडी ठेवली की सगळ्या बाया गाणी म्हणत गावाकडं यायच्या, घरी येऊन लाल मिलोची का असंना पण भाकरी स्वतःच्या चुलीवर थापायची आणि कुणाला किती वाढायची ते तीच ठरवायची. नवरा समोर, लेकरं पदराला. वर्कहाऊसमधे भाकरी तोलून मिळायची. खरंच तोलून, वजनात कमी वाटली तर समोर तोलून मागायचा हक्कसुद्धा होता, पण ती कुणाला वाढायचा हक्क नव्हता. मला फरक इथं दिसतो. दुसरं म्हणजे आपल्याकडं त्या दुष्काळातून लोकांनी भांडून रोजगार हमीचा कायदा मिळवला, १९७७ ला, त्यात काम मागणं हा हक्क झाला. तिकडं मदत घेणाऱ्याचा मतदानाचा हक्कच जायचा, तो थेट १९१८ पर्यंत.

प्रश्न : खायला काय द्यायचे? (हिंगोली)

ब्रेड, पातळ पेज, चीज, बटाटे, आठवड्यातून दोनतीनदा थोडं मटण. पेज म्हणजे ओटच्या पिठाची, आपल्या कण्यांसारखी पण ताक नाही मिरची नाही. सगळीकडं उपाशी मारायचे असं नाही, जागेजागेवर फरक होता, पण १८४५ ला हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरच्या वर्कहाऊसमधे खतासाठी हाडं फोडायला दिली होती तर माणसं त्याच हाडांना लागलेलं सडकं मांस आणि आतला मगज खायली असं बाहेर आलं. पार्लमेंटनं चौकशी केली आणि सगळ्या वर्कहाऊसांवर देखरेख करणारं वरचं सरकारी कमिशनच गुंडाळावं लागलं.

प्रश्न : इतकं सगळं चालू असताना चांगली माणसं नव्हती का कुणी तिथं? (धाराशिव)

होती की. लुइझा ट्विनिंग नावाची बाई १८५३ ला एका ओळखीच्या म्हाताऱ्या नर्सला भेटायला लंडनच्या स्ट्रँड वर्कहाऊसमधे गेली, आतली माणसं बघून तिला राहवेना, म्हणाली आम्ही बाया येऊन नुसतं बोलत बसू, वाचून दाखवू, तर परवानगी मिळंना. ती मागं हटली नाही, १८५८ ला तिनं भेट देणाऱ्यांची संस्थाच काढली. पुढं १८८२ ला लेडी ब्राबेझन यांनी पैसे दिले, ज्यांना जड काम होत नाही अशा म्हाताऱ्यांना विणकाम, भरतकाम शिकवायला. वर्षानुवर्षं नुसतं बसून राहिलेल्या हातात सुई आली. १८४७ पासून साठीच्या पुढच्या नवराबायकोला एकत्र राहू द्यायचा नियम झाला, पण तशा खोल्या फार थोड्या ठिकाणी होत्या. १८९० नंतर म्हाताऱ्यांना तंबाखू, म्हाताऱ्या बायांना चहा साखर मिळायला लागली. वाचताना बारीक गोष्ट वाटते. ज्यांच्या घरात तंबाखूची चंची असलेला आजोबा आहे त्यांनी त्याला चार दिवस चंची लपवून बघावं.

प्रश्न : आपल्याकडं इंग्रजांनी असं काही काढलं होतं का? (नांदेड)

मराठवाडा निजामाकडं होता, त्यामुळं तो इंग्लंडचा गरिबांचा कायदा इथं लागू व्हायचा प्रश्नच नव्हता. पण राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधाचा कायदा आहे, त्यात पोलिसांनी धरलेल्या माणसाला कोर्ट भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षं ठेवू शकतं, वारंवार सापडला तर दहा वर्षांपर्यंत. २०१८ ला दिल्ली हायकोर्टानं याच कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. इंग्लंडातला गरीब निदान स्वतःच्या पायानं दारात जायचा. ह्यावर सविस्तर लिहायचं आहे, जागा मिळाली की लिहिते.

प्रश्न : आत मेलं तर काय करायचे? आणि हे बंद कसं झालं? (अंबाजोगाई)

नातेवाईक आले तर प्रेत न्यायचे. कुणी आलं नाही तर १८३२ च्या कायद्यानं ते डॉक्टरकी शिकवायच्या शाळेला चिरफाडीसाठी देता यायचं, नाहीतर साध्या फळ्यांच्या पेटीत खूण नसलेल्या खड्ड्यात. म्हातारी माणसं मरणापेक्षा ह्याला भ्यायची, म्हणून गरिबातला गरीब माणूससुद्धा आठवड्याला पैसा पैसा मयतीच्या विम्यात भरायचा.

बंद एकदम झालं नाही. १९३० ला गार्डियन मंडळं गेली, १९४८ च्या जुलैत जुना गरिबांचा कायदाच संपला, आपल्या मुक्तिसंग्रामाचं वर्षसुद्धा तेच. पण माझ्या मते खरा फरक १ जानेवारी १९०९ ला पडला, त्या दिवसापासून सत्तरीच्या पुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन सुरू झाली आणि ती मिळायची कुठं तर पोस्टात. वर्कहाऊसच्या दारात जायचं नाही, कपडे काढायचे नाहीत. नुकतीच गरिबांची मदत घेतलेल्यांना मात्र पहिली दोन वर्षं ती दिली नाही, म्हणजे जे सगळ्यात जास्त काळ आत होते तेच परत मागं राहिले, १९११ ला ती अट निघाली.

आजीचे निराधारचे पैसे यायचे त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून बँकेत जायची, अंगठा द्यायची, नोटा कनवटीला लावायची आणि येताना आम्हा पोरांना आठवणीनं शेव चिवडा आणायची, स्वतःच्या पैशाचा.